मृत पक्ष्याची निगा आणि जीवदया

मनुष्याच्या काही कर्मांत कौशल्य, सावधपणा व कोमलता हे तिन्ही गुण एकत्र दिसतात, आणि तरीही ते कर्म धर्म्य आहे की नाही, असा प्रश्न विचारी माणसास पडतो. शिकार केलेल्या पक्ष्यात पेंढा भरण्यापूर्वी त्याची जी निगा राखली जाते, ती अशा कर्मांपैकी एक होय. गीतेच्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्यात गुंतलेला प्रश्न प्रत्येक गृहस्थाच्या घरातलाच आहे.

जबलपूर हे नर्मदाकाठचे छावणीचे शहर. हिवाळ्यात या खोऱ्यातील जलाशयांवर बदके उतरतात. माळरानावर तित्तिर व लावे असतात. इंग्रजी अमदानीत या प्रदेशाची शिकारीसाठी मोठी ख्याती होती. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ भागावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात वनांच्या वर्णनाबरोबर शिकारीची वर्णनेही विपुल आहेत. त्या काळी साहेबांच्या व जमीनदारांच्या दिवाणखान्यांत पेंढा भरलेले प्राणी व पक्षी ठेवणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई.

या विद्येचे जाणकार पक्षी पडल्याक्षणापासून त्यास जपत. पाय किंवा मान धरून त्यास लोंबकळत नेत नसत. चोचीत, घशात व छऱ्याच्या जखमेत कापसाचे बोळे घालीत, म्हणजे आतील रक्त पिसांवर येऊ नये. पिसावर पडलेला थेंब वाळण्यापूर्वीच ओल्या कापसाने टिपून घेत. मग पिसे सारखी करून, शेपूट दुमडू न देता, पक्ष्यास कागदाच्या शंकूत अलगद ठेवीत. ढीग न रचता सावलीत, वारा लागेल असे ठेवीत. कारण आपल्या उष्ण हवेत पोटाकडील कातडी लवकर कुजते व पिसे गळू लागतात. कातडी शक्य तो त्याच दिवशी सोडवून, कीड लागू नये म्हणून तीस आतून सोमल घातलेला साबण चोळीत.

तान्ह्या बाळास हाताळावे, तसे हे हात! मग यास दया का म्हणू नये?

याचे उत्तर शब्दांतच थोडेसे सापडते. ‘टॅक्सिडर्मी’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून ‘त्वचेची मांडणी’ हा त्याचा अर्थ आहे. भगवंतांनी दैवी संपत्तीत जी दया सांगितली, ती मात्र भूतांविषयीची, म्हणजे जिवांविषयीची आहे. ज्याची निगा राखली जात आहे तो पक्षी नव्हे, ते पक्ष्याचे पांघरूण होय. आणि पांघरुणाची काळजी ही बहुधा आपल्या मालकीच्या वस्तूची काळजी असते. जो जीव उडत असता आपणांस त्याच्या प्राणांची किंमत वाटली नाही, त्याच्या पिसांची किंमत आपल्या हाती आल्यावर वाटू लागली, तर ती दया नसून लोभाने घेतलेले दयेचे सोंग आहे. मनुस्मृतीत कामापासून उत्पन्न होणारी जी दहा व्यसने सांगितली आहेत, त्यांत मृगयेचे नाव पहिले आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

कोणी म्हणेल, आत्मा अमर आहे व देह केवळ वस्त्र आहे, असे गीताच सांगते; मग वस्त्र फाटले तर शोक कसला? हा युक्तिवाद उलटा आहे. तो उपदेश मोह सोडून कर्तव्य करण्यासाठी आहे, मौजेसाठी दुसऱ्याचे वस्त्र हिरावून घेण्यासाठी नव्हे. शिवाय देहास खरोखर वस्त्र मानणारा ते टाकलेले वस्त्र पेंढा भरून कपाटात कशास ठेवील? परिणाम व हिंसा यांचा विचार न करता मोहाने केलेल्या कर्मास भगवंतांनी तामस म्हटले आहे.

परंतु येथेच थांबलो, तर आपण केवळ शिकाऱ्यास दोष देऊन स्वतः निर्दोष ठरू. महाभारताच्या वनपर्वातील कौशिकाची कथा हा अहंकार टिकू देत नाही. झाडाखाली वेदपठण करणाऱ्या त्या ब्राह्मणाच्या अंगावर एका बगळीची विष्ठा पडली. त्याने क्रोधाने वर पाहिले आणि ती मरून पडली. त्या तपस्व्यास धर्म शिकविण्यासाठी मिथिलेतील एका मांसविक्रेत्याकडे जावे लागले. तो धर्मव्याध स्वतः प्राणी मारीत नसे. दुसऱ्यांनी मारलेल्यांचे मांस विकी. नांगराच्या फाळाखालीही असंख्य जीव मरतात, हेही त्याने सांगितले. अर्थात पूर्ण अहिंसेचा अभिमान कोणासही शोभत नाही. तथापि, निर्वाहात अटळपणे घडणारी हिंसा आणि करमणुकीसाठी मुद्दाम केलेली हिंसा यांतील भेद त्यामुळे पुसला जात नाही.

तर मग मृत पक्ष्याची निगा सर्वथा निंद्य आहे काय? नाही. १९०८ साली मुंबईत सलीम अली नावाच्या बालकाने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरील पिवळ्या खुणेने कुतूहल वाटून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील संग्रह पाहून जी जिज्ञासा जागी झाली, तिने पुढे भारतीय पक्ष्यांचा थोर अभ्यासक घडविला. इंग्लंडमध्ये संग्रहातील जुन्या अंड्यांशी तुलना केल्यावर ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे १९६७ साली दिसून आले, आणि पुढे त्याचा संबंध कीटकनाशकांशी जोडला गेला. मेलेल्या गिधाडांची तपासणी झाली, म्हणून गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यांस मारते, हे २००४ साली कळले. २००६ साली भारताने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. येथे मृत देहाची निगा जिवंतांच्या कामी आली. चिमणीचा वध त्यामुळे पुण्य ठरत नाही. परंतु मागे राहिलेल्या देहाचा विनियोग लोभाने करावा की ज्ञानाने व लोकसंग्रहासाठी, हे आपल्या हाती राहते.

देशाचा कायदाही आता याच दिशेस आला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावर चालणारी हौसेची शिकारही संपविली. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली असे केंद्र सुरू झाले, की जेथे आपोआप मृत्यू आलेल्या प्राण्यांची कातडी अभ्यासासाठी व दर्शनासाठी राखली जावी. हात तेच, कापूसही तोच. भाव मात्र पालटला.

गृहस्थाने यातून इतकेच घ्यावे. ज्या वस्तूस आपण फार जपतो, तिच्यामागील जीव जिवंत असता आपण त्यास जपले होते काय, हे स्वतःस विचारावे. मातापित्यांच्या तसबिरीस रोज हार घालणाऱ्याने, त्यांच्या हयातीत त्यांच्याजवळ घटकाभर बसलो होतो काय, हे आठवावे. अंगणात वाडगाभर पाणी ठेवून आलेल्या पाखरास निर्भयपणे पिऊ देणे, ही लहानशी सेवा आहे. परंतु ती वेळेवर केलेली सेवा आहे. सर्व भूतांच्या ठायी आत्मौपम्याने पाहण्याची बुद्धी श्रीहरी आपणां सर्वांस देवो.