कष्टकऱ्याचे चित्र आणि चेहऱ्याचा प्रश्न

1981 साली मुंबईत आणि दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' या नावाने एक प्रदर्शन भरले. जोगेन चौधरी, भूपेन खक्कर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम हे सहा चित्रकार त्यात होते. सोबतचा निबंध कलासमीक्षक गीता कपूर यांचा होता. अमूर्ताचा दबदबा असलेल्या त्या काळात या सहा जणांनी माणूस, त्याची वस्ती आणि त्याची गोष्ट पुन्हा चित्राच्या मध्यभागी आणली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत 'अ न्यू स्पिरिट इन पेंटिंग' हे प्रदर्शन झाले आणि तिथेही मानवाकृतीला मोठी जागा मिळाली. हा योगायोगच म्हणायचा, कारण दोन्हीकडची गरज वेगळी होती.

परतलेली आकृती मात्र पूर्वीसारखी राहिली नव्हती. कलाशाळेत शिकवली जाणारी शरीररचना, समोर बसवलेले मॉडेल, डोके आणि धड यांचे ठरीव प्रमाण या साऱ्याचा धाक गेल्या चाळीस वर्षांत ओसरला. चित्रकार हातपाय फुगवतात, त्वचेला डोळ्यांना न दिसणारा रंग देतात, डोके काढून तिथे अवजार बसवतात. चित्रातला माणूस काल्पनिक असेल तर यात भांडण्यासारखे फारसे काही नाही. लंडनच्या लिनेट यिआडोम-बोआकी या चित्रकर्तीची माणसे मनातूनच आलेली असतात, त्यामुळे त्यांच्या वतीने तक्रार करायला कुणी येत नाही. पेच पडतो तो माणूस खरा असताना, आणि त्यातही तो गॅलरीची पायरी कधी चढणार नसताना: हमाल, खाणकामगार, दुष्काळात गाव सोडलेली बाई, जमावाने मारलेला मुलगा. त्याला जसाच्या तसा काढला तर तो बघण्याची वस्तू होतो. बदलून काढला तर तो माणूसच पुसला जातो.

हा पेच जुन्या वादपद्धतीने मांडणे सोयीचे आहे. पूर्वपक्ष साधर्म्याच्या बाजूचा, उत्तरपक्ष देह नव्याने घडवण्याच्या बाजूचा. शास्त्रग्रंथांत उत्तरपक्ष शेवटी जिंकतोच, इथे तशी हमी नाही.

पहिले उदाहरण सुधीर पटवर्धन यांचे. जन्म 1949, पुणे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून 1972 मध्ये डॉक्टर होऊन ते मुंबईला आले आणि 1975 ते 2005 अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. चित्रकला त्यांनी स्वतःची स्वतः कमावली. 'इराणी रेस्टॉरंट' (1977), 'ॲक्सिडेंट ऑन मे डे' (1981), 'टाउन' (1984), 'लोअर परळ' (2001) या चित्रांत मुंबई-ठाण्याचा कामकरी माणूस आणि त्याचे शहर आहे. ज्याचे चित्र काढले त्याला त्यात स्वतःची ओळख पटावी, ही अपेक्षा त्यांनी उमेदवारीच्या काळातच बोलून दाखवली होती.

पूर्वपक्ष : याहून चांगली कसोटी नाही. ओळख पटली पाहिजे, म्हणजे चित्रकार मोकाट राहत नाही. ज्याचे रूप घेतले त्याच्यापुढे त्याला उभे राहावे लागते.

उत्तरपक्ष : कसोटी मान्य, पण ती साधर्म्याची आहे असे कुणी सांगितले? पटवर्धनांच्या सुरुवातीच्या माणसांचे दंड नळासारखे जाड आहेत, माना खांद्यांत रुतलेल्या आहेत. सेझान आणि लेजे पचवलेल्या हाताने घडवलेली ती शरीरे आहेत. ठाणे स्टेशनच्या गर्दीत तशी मान शोधून सापडणार नाही. तरीही ओळख पटते, कारण त्या देहात आठ तासांच्या पाळीचे वजन आहे. माणूस तिथे स्वतःचा थकवा ओळखतो, नाक नव्हे.

पूर्वपक्ष : थकवा सगळ्यांचा सारखा असतो. नाक तेवढे ज्याचे त्याचे असते. थकवा रंगवला की 'कामगार' तयार होतो, अमुक एक माणूस राहत नाही.

हा टोला वर्मी बसणारा आहे आणि इतिहासानेही त्याला दुजोरा दिला. 1982 च्या गिरणी संपानंतर संघटित कामगाराची ती भरदार प्रतिमा मुंबईतूनच विरत गेली. पटवर्धनांच्या चित्रांतही एकटा, शिल्पासारखा कामगार मागे सरला; गर्दी, पसरत जाणारे शहर आणि पुढे मध्यमवर्गीय घर पुढे आले. प्रतिनिधी म्हणून रंगवलेला देह त्या काळापुरता खरा असतो. काळ सरला की त्याच्याआड कोण होते ते सांगता येत नाही.

पूर्वपक्षाचे सर्वांत भक्कम उदाहरण याच्याही आधीचे, बंगालच्या दुष्काळाचे आहे. 1943 मध्ये चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले आणि उपाशी माणसांची शाईने रेखाटने केली. रेखाटनांबरोबर माणसांची नावे, गावे, घरची हकिकत नोंदवली. 'हंग्री बेंगॉल' या नावाने ते काम पुस्तिकारूपात आले तेव्हा इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या.

पूर्वपक्ष : सरकारला अमूर्त दुःखाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती नाव, गाव आणि बरगड्या एकत्र आल्या की.

उत्तरपक्ष : खरे आहे. पण ते काम साक्षीदाराचे होते. साक्ष देऊन झाल्यावर चित्रकाराने काय करायचे? तोच सांगाडा दरवर्षी काढायचा? लोक पहिल्यांदा हादरतात, दहाव्यांदा पान उलटतात.

इथून वाद चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीकडे वळतो. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म तिथला, 1986 चा. घरच्या पिढ्या कोळसा खाणीशी बांधलेल्या. खैरागड आणि बडोदा येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी ज्या वस्तूने गावाचे आयुष्य व्यापले तीच हातात घेतली आणि कोळशाने थेट भिंतींवर चित्रे काढायला सुरुवात केली. 2012 मध्ये मुंबईच्या क्लार्क हाउसमधले त्यांचे प्रदर्शन खाणीच्याच विषयावर होते. 2022 च्या व्हेनिस बिएनालेत त्यांचे काम होते. त्यांच्या चित्रांतल्या माणसांना बऱ्याचदा डोके नसते. त्या जागी कधी दिवा असतो, कधी यंत्राचा भाग, कधी घर. अवजार कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नाही.

पूर्वपक्ष : खाणीने ज्याला बिनचेहऱ्याचा केला त्याला चित्रकारानेही तसाच ठेवायचा? हजेरीपटावर तो आकडा होता, भिंतीवर दिवा झाला. बदलले काय?

उत्तरपक्ष : खाणीत समोरून माणूस येतो तेव्हा काय दिसते? टोपीवरचा दिवा डोळ्यांत घुसतो, त्यामागचा चेहरा दिसत नाही. डोक्याच्या जागी दिवा ही कल्पनेची भरारी नाही, ते निरीक्षण आहे. आणि मानेखालचा देह बघा. वाकण्याची तऱ्हा, ओझ्याने एका बाजूला गेलेला तोल, पाय रोवून उभे राहणे, यांत कुठेही ढिलाई नाही. खेड्यात लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखतात, तोंड दिसेपर्यंत कुणी थांबत नाही.

पूर्वपक्ष : हे सास्तीत वाढलेल्या माणसाला शोभते. उद्या खाण न पाहिलेल्या कुणी हीच युक्ती उचलली आणि दिवेवाल्या माणसांची मालिका काढली, तर?

उत्तरपक्ष : तर ती युक्ती असेल. पण वाईट चित्र हा गुन्हा नव्हे, आणि जन्मगाव हा परवाना नव्हे.

जन्माचा हा मुद्दा 2017 मध्ये न्यूयॉर्कला पेटला. व्हिटनी बिएनालेत डेना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीचे 'ओपन कास्केट' (2016) लावले होते. विषय होता एमेट टिल, 1955 मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी हालहाल करून मारलेला चौदा वर्षांचा काळा मुलगा. पार्कर ब्राइट हा कलावंत निषेध म्हणून चित्रासमोर आडवा उभा राहिला. कलावंत आणि लेखिका हॅना ब्लॅक यांनी खुल्या पत्रातून चित्र हटवण्याची, नष्ट करण्याचीही मागणी केली. शुट्झ यांनी टिलच्या आईच्या वेदनेशी असलेल्या आपल्या नात्याचा दाखला दिला आणि चित्र विकणार नसल्याचे सांगितले.

पूर्वपक्ष : एका समाजाचे दुःख दुसऱ्याच्या कॅनव्हासवर साधनसामग्री झाले.

उत्तरपक्ष : हे तत्त्व शेवटपर्यंत ताणले तर पुण्यात शिकलेल्या डॉक्टरने हमाल रंगवायचा नाही आणि चित्तप्रसादांनी मिदनापूरला जायचे नाही. प्रत्येकाने आपापल्या आळीतच चित्रे काढायची.

दोघेही इथे एक गोष्ट नजरेआड करतात. टिलच्या चेहऱ्याबाबत एक निर्णय आधीच झाला होता. त्याची आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवण्याचा हट्ट धरला, लेकराचे काय केले ते जगाने पाहावे म्हणून. 'जेट' मासिकात तो फोटो छापला गेला. त्या फोटोचे सारे बळ कुणीही त्यात ढवळाढवळ केली नव्हती यात होते. शुट्झ यांनी त्या चेहऱ्याच्या जागी जाड रंगाचे फटकारे दिले. आईने उघडा ठेवलेला चेहरा रंगलेपनाच्या कौशल्याखाली पुन्हा झाकला गेला. चित्रकर्तीची त्वचा काळी असती तरी हा दोष पुसला गेला नसता, फक्त त्यावर इतका गदारोळ झाला नसता.

म्हणजे साधर्म्य की विरूपण, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हा देह कसा दिसावा, हे यापूर्वी कुणी ठरवले होते? कोरा देह चित्रकाराच्या वाट्याला क्वचितच येतो. खाणकामगाराचा चेहरा काळोखाने आणि हजेरीपटाने आधीच काढून घेतलेला असतो. पाचपुते तो परत चिकटवत नाहीत, काढून घेतल्याची जागा दाखवतात. अमेरिकेतल्या केरी जेम्स मार्शल यांनी 1980 पासून काळ्या माणसांची त्वचा खरोखरच काळी रंगवली. आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, मार्स ब्लॅक अशा काळ्या छटांत इतर रंग मिसळून, पण उजळपणाकडे कधीही न झुकता. ज्या रंगामुळे माणूस अदृश्य ठरवला गेला तोच रंग त्यांनी इतका गडद केला की नजर चुकवता येत नाही. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर अस्पृश्याच्या गळ्यातले मडके आणि झाडू चित्रातून काढून टाकत नाहीत, उलट तेच ठसठशीत करतात. चेहरा गोंडस केला असता तर ज्यांनी ते मडके बांधले त्यांचीच सोय झाली असती.

पूर्वपक्ष : हे सगळे दुसऱ्याच्या देहाचे. चित्रकार स्वतः काय पणाला लावतो?

उत्तरपक्ष : भूपेन खक्कर यांनी लावले. 'यू कान्ट प्लीज ऑल' (1981) या चित्रात सज्ज्यात एक नागडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चालली आहे. तो माणूस म्हणजे खक्करच. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष उघडपणे रंगवण्याची इथे तेव्हा सोय नव्हती. सनदी लेखापालाची नोकरी केलेला हा माणूस स्वतःचे उघडे अंग घेऊन चित्रात उतरला.

पूर्वपक्ष : मग हाच नियम करा. आधी स्वतःला काढा.

उत्तरपक्ष : तसा नियम केला तर सगळी चित्रकला आरशासमोर बसेल. हमाल तिथे येणारच नाही.

नियम म्हणून तो खरोखर टिकत नाही, पण खक्कर यांच्या धाडसाने एक गोष्ट उघड होते. देह कसा दिसावा हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याने वापरला, तेव्हा विरूपण हा आक्षेपच उरत नाही. खक्कर यांच्या आकृत्या शरीररचनेच्या दृष्टीने बेढब आहेत आणि त्याबद्दल त्यांना कुणी जाब विचारत नाही.

बाजाराचा मुद्दा दोन्ही पक्ष ओझरता घेतात, तोही थोडक्यात सांगता येतो. पाचपुते यांची भिंतीवरची कोळशाची चित्रे प्रदर्शन संपले की बहुधा पुसली जातात. मार्शल यांचे 'पास्ट टाइम्स' (1997) 2018 च्या लिलावात 2 कोटी 11 लाख डॉलरला गेले. पुसले जाणारे चित्र अधिक प्रामाणिक असते असे मात्र नाही. मार्शल यांना आपली चित्रे मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर कायमची हवी होती, कारण तिथेच काळ्या माणसांना जागा नव्हती.

एक प्रकरण मात्र देह कसा दिसावा हे आधी कुणी ठरवले, या कसोटीतही बसत नाही. मुंबईचे डॉक्टर, कवी आणि चित्रकार गीव्ह पटेल (1940–2023) यांनी 1984 मध्ये 'ड्राउन्ड वुमन' आणि 'क्रश्ड हेड' ही चित्रे काढली. शीर्षकात नाव नाही, गाव नाही, फक्त मरण कसे आले तेवढे आहे.

पूर्वपक्ष : इथे ओळख कुणाला पटणार? जिचा चेहरा आहे ती मेली आहे, तिचे कुणी आहे की नाही तेही चित्र सांगत नाही. साधर्म्य जपले तरी ते दाखवायचे कुणाला?

उत्तरपक्ष : आणि विरूपण करायचे तर चित्रकारासाठी काही उरलेलेच नाही, ते पाण्याने आधीच करून ठेवले आहे.

मेमी टिलसारखी निर्णय घेणारी आई इथे नाही, आणि ज्याचा सूड घ्यावा असा हजेरीपटही नाही. पटेल यांनी चेहरा सौम्य केला नाही आणि भडकही केला नाही. रोज रोगी तपासणाऱ्या माणसाच्या नजरेने ते त्याच्या जवळ गेले. ती नजर पुरेशी आहे असे पूर्वपक्ष मान्य करत नाही. उत्तरपक्ष तिच्या जागी दुसरे काही सुचवू शकत नाही.