दार वाजवणारी माणसं

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात, १९७८ साली, तिथल्या मानसिक आरोग्य केंद्रातल्या रेमंड रॅशको यांच्यापुढे एक विचित्र अडचण होती. केंद्र होतं, डॉक्टर होते, पण ज्या म्हाताऱ्या माणसांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती, ती तिथे फिरकतच नव्हती. फोन करून वेळ घ्यावी एवढी उभारी त्यांच्यात नव्हती, आणि त्यांच्या वतीने फोन करील असं जवळचं कुणी उरलं नव्हतं.

रॅशको यांनी प्रश्न उलटा केला. या माणसांच्या दाराशी सध्या कोण जातं? मीटरचं रीडिंग घेणारा जातो, टपाल टाकणारा जातो. बँकेच्या खिडकीवरची बाई आणि औषधाच्या दुकानातला माणूस त्यांना महिन्यातून एकदा तरी पाहतो. केंद्राने अशा लोकांनाच हाताशी धरलं. उपचार करायचे नाहीत, चौकशा करायच्या नाहीत, फक्त खुणा ओळखायच्या. पेटीत टपाल साचलंय, आजोबा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतायत, नेहमी वेळेवर भरलं जाणारं बिल या वेळी भरलंच नाही, असं काही दिसलं की केंद्राला एक फोन करायचा. पुढे केंद्राची माणसं स्वतः त्या घरी जात. काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा केंद्राकडे आलेल्या दर दहा वृद्धांपैकी जवळपास चौघांची खबर अशा लोकांकडून आलेली होती. नातेवाईक किंवा डॉक्टर यांच्यामार्फत आलेल्यांपेक्षा या मंडळींत एकट्याने राहणारे जास्त होते.

आपल्याकडे अशी यंत्रणा नाही असं म्हणवत नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने, अंगठ्याच्या ठशावर मिळू लागला आणि २०२० पासून पोस्टमन थोडं शुल्क घेऊन घरी येऊन तो काढून देतो. माणूस जिवंत आहे की नाही, हे पाहायला सरकार दारापर्यंत पोचलं आहे. तो कसा जगतोय हे विचारण्याची सोय मात्र पोस्टमनच्या हातातल्या यंत्रात नाही.

खबर मिळणं ही सुरुवात झाली. पुढे काय करायचं याचा एक नमुना अमेरिकेतच, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात, काही वर्षं आधी तयार झाला होता. तिथल्या मेंडोटा या सरकारी मनोरुग्णालयातून रुग्ण बरे होऊन घरी जात आणि काही महिन्यांत परत येत. लेनर्ड स्टाइन, मेरी ॲन टेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की वॉर्डात शिकवलेलं जर घरी टिकत नसेल, तर शिकवणाऱ्यांनीच घरी जावं. डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते यांचं एक पथक करायचं आणि एका कार्यकर्त्यामागे साधारण दहाच रुग्ण ठेवायचे. औषधाबरोबरच घरभाडं, बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, हे सगळं पथकाच्या कामात धरायचं. रुग्णाने दार उघडलं नाही तर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून फाईल बंद करायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. १९८० साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत जगभर गेली.

गेली खरी, पण ती तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती. सत्तरीच्या माणसाचं मन एकटं आजारी पडत नाही. त्याच्या बरोबर साखर असते, गुडघे असतात, कमी ऐकू येणं असतं, पडण्याची धास्ती असते, आणि नावं विसरायला लागल्याची लाजही असते. मानसोपचारतज्ज्ञाने गोळी लिहून दिली तरी ती आधीच्या गोळ्यांमध्ये कुठे बसवायची, हे बघणारं कुणीतरी घरात लागतं.

बॉल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पीटर रेबिन्स यांनी ही दोन्ही सूत्रं एकत्र बांधली. गरीब वृद्ध राहतात अशा सहा सरकारी इमारती त्यांनी निवडल्या. त्यांतल्या तीन इमारतींतल्या सफाई कामगारांना आणि व्यवस्थापकांना खुणा ओळखायला शिकवलं आणि खबर लागताच प्रशिक्षित परिचारिका त्या खोलीत जाऊ लागली. उरलेल्या तीन इमारतींत नेहमीसारखंच चालू ठेवलं. २००० साली निष्कर्ष आले. जिथे परिचारिका जात होत्या तिथल्या रुग्णांची लक्षणं स्पष्टपणे उतरली होती. मात्र घर सोडून वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात जावं लागणाऱ्यांचं प्रमाण काही घटलं नाही.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये साठीपुढच्या ६२ गंभीर मनोरुग्णांवर असाच प्रयोग झाला, त्याचंही उत्तर अर्धं गोड, अर्धं कडू होतं. घरी जाणाऱ्या पथकाकडे सोपवलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांशी पहिल्या तीन महिन्यांत संपर्क जुळला. नेहमीच्या सेवेत एक तृतीयांश लोक हातीच लागले नव्हते. मधेच उपचार सोडून देणारेही पथकाकडे बरेच कमी होते. पण माणसांचं रोजचं जगणं, वागणं-वावरणं यांत दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही. अशा योजनांचे पुरस्कर्ते हे दुसरं वाक्य दबक्या आवाजात सांगतात. ते मोठ्याने सांगायला हवं, कारण घरभेटींनी म्हातारपण परतवता येतं असा समज करून घेतला तर पहिल्याच वर्षी निराशा पदरी पडेल आणि योजना गुंडाळली जाईल. या भेटींनी साधतं ते एवढंच, की माणूस यादीतून गळत नाही. ज्याला सगळ्यांनीच सोडलंय त्याच्या बाबतीत ते थोडं नाही.

‘ही पाश्चात्त्यांची दुखणी, आपल्याकडे मुलं आहेत, सुना-नातवंडं आहेत’ हा आक्षेप अशा चर्चेत हमखास येतो. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

गोव्यात साठीपुढच्या लोकांचं प्रमाण २०११ च्या जनगणनेतच ११ टक्क्यांच्या वर होतं. मोठ्या राज्यांतलं केरळ तेवढं त्याच्या पुढे. आखातात, जहाजांवर, पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडात गेलेल्या मुलांची घरं तिथे गावोगावी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातल्या लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. विसरभोळेपणा हा लोकांना वयाचा भाग वाटत होता, त्यासाठी डॉक्टरकडे कशाला जायचं? आणि म्हाताऱ्यांच्या उदासीचं कारण मात्र लोक बेधडक सांगत होते: मुलांनी केलेली हेळसांड. कुटुंब होतं, पण दुखण्याची मुळंही लोकांना तिथेच दिसत होती.

म्हणून गोव्यातल्या पुढच्या कामाने कुटुंबालाच हात घातला. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचा रुग्ण असलेली ८१ कुटुंबं घेतली. त्यांतल्या ४१ घरांत प्रशिक्षित कार्यकर्ते जाऊ लागले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. आजार म्हणजे काय, रात्री उठून फिरणाऱ्या वडिलांना कसं आवरायचं, सगळं ओझं एकाच सुनेवर का पडतंय, सरकारी मदत कुठे मिळते, हे ते बोलत. मागे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. २००८ साली छापलेल्या निष्कर्षांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय कमी झालेला दिसतो. सहा महिन्यांच्या या अभ्यासात १८ रुग्ण दगावले, हेही त्यातच आहे. हे काम किती उशिरा घरात पोचलं होतं, याचा तोच पुरावा.

मग उशीर व्हायच्या आधीच का जाऊ नये? याच मंडळींनी २०१५ ते २०१७ या काळात, प्राथमिक दवाखान्यात येणाऱ्या आणि नैराश्याची फक्त सौम्य लक्षणं असणाऱ्या साठीपुढच्या १८१ जणांना घेऊन पुढचा प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांकडे बिगरडॉक्टर समुपदेशक. समुपदेशकांचा पाठ साधा होता. अडचणीचे तुकडे करायचे आणि आज हाती येईल तो तुकडा आधी सोडवायचा. झोपेचं वेळापत्रक सुधारायचं. मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी घ्यायला शिकवायचं. पेन्शन किंवा सरकारी योजना अडली असेल तर ती मिळवायला मदत करायची. शेवटची गोष्ट मानसोपचारात कशी बसते, असा प्रश्न एखाद्या शहरी डॉक्टरला पडेल. महिन्याच्या पैशासाठी हेलपाटे घालणाऱ्या बाईला पडणार नाही. वर्षाअखेर नेहमीच्या उपचारांतल्या ९० जणांपैकी १३ जणांना पूर्ण नैराश्याने गाठलं होतं. समुपदेशन मिळालेल्या ९१ जणांपैकी ४ जणांना.

संख्या लहान आहे, हे खरं. पण देशाचं चित्र पाहिलं की तिचं वजन कळतं. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत, साठीपुढच्या शंभरांतल्या आठांहून अधिक जणांत मोठ्या नैराश्याची लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. म्हणजे बहुतेक जण कुठल्याच नोंदीत नाहीत.

महाराष्ट्राला हे अगदी परकं नाही. पुण्याच्या आयएलएस विधि महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम करून गावातल्याच माणसांना मन जाणायला शिकवलं. तो सगळ्या वयांसाठी होता. आता आशाताई घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यातही मन उदास राहतं का, कशात रस वाटेनासा झालाय का, असे दोन प्रश्न आले आहेत, आणि साठीपुढच्यांसाठी घरचा पत्ता किंवा जवळच्यांची नावं विसरता का, हेही. स्पोकेनच्या मीटरवाल्याचं काम इथे कागदावर उतरलं आहे. गुण जास्त आले की आरोग्य केंद्राकडे पाठवायचं, इथवर फॉर्म नेतो. गुडघ्यांमुळे आजी केंद्रात गेल्याच नाहीत तर पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाणार, हे फॉर्म सांगत नाही. लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळं अंगावर असलेल्या आशाताईंवरच हेही टाकणं म्हणजे काम न करण्याची सोय.

त्यापेक्षा एक तालुका घ्यावा. तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघांतून निवृत्त परिचारिका, शिक्षिका शोधून पाच-सहा जणींना पगारावर नेमावं. मानधनावर नव्हे, कारण मानधन थकतं आणि माणसं गळतात. त्यांच्यावर एक अनुभवी परिचारिका ठेवावी आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाने पंधरवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसावं. वर्ष सरल्यावर त्यांच्याकडे पहिला आकडा मागावा तो किती घरांत अजून जाणं-येणं आहे याचा. नैराश्य किती उतरलं, हा त्यानंतरचा.