बंदचा वार

दादरची दुकानं सोमवारी बंद, भोसरीतले कारखाने गुरुवारी, मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी, पुण्याच्या मार्केट यार्डातला भाजीपाला विभाग शनिवारी. केस कापायला सोमवारी जायचं नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात वारांचा हा नकाशा कोणी न शिकवता तयार होत गेला. प्रत्येक वारामागचं कारण निराळं होतं. मालेगावचा शुक्रवार जुम्म्याच्या नमाजाचा. भोसरीचा गुरुवार विजेचा: सगळ्या औद्योगिक वसाहतींचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून त्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांवर वाटल्या गेल्या. काही घाऊक बाजार अमावस्या पाळत. पण बंदच्या दिवशी दुकान उघडायचं की नाही, हे एकट्या दुकानदाराला ठरवावं लागत नव्हतं. शेजारचं बंद, समोरचं बंद, म्हणून आपलंही बंद. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती त्या दिवसापुरती तरी नसे, कारण जायला दुसरीकडे काही उघडंच नसे.

छोटा धंदा करणाऱ्यांनी काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा, यावर आज खूप बोललं जातं. वेळेचं नियोजन करा, पहाटे उठा, कामं दुसऱ्यांवर सोपवा, नाही म्हणायला शिका. हे सल्ले वाईट नाहीत. पण ते सगळे एकट्या माणसाला दिलेले आहेत, आणि प्रश्न एकट्या माणसाचा नाही. माझं म्हणणं असं की, धंदेवाल्याला सुट्टी एकट्याने घेता येत नाही. ती बाजाराने मिळून घ्यावी लागते, आणि ही मिळून घेण्याची रीत आपण गेल्या काही वर्षांत फारसा विचार न करता मोडून टाकली आहे.

आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रगतिपुस्तिका, मंडळांचे अहवाल, दिवाळीच्या आधी एखादा छोटा दिवाळी अंक. नवरा मशीनवर, मी अक्षरजुळणी आणि हिशेबावर, आणि हाताखाली चार माणसं. सासऱ्यांच्या वेळी खिळे जुळवण्याचं काम होतं. प्रूफ पाहायला गिऱ्हाईक स्वतः येई, दुकान बंद असलं तर दुसऱ्या दिवशी येई, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. आज प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं. रात्री साडेदहाला मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या खाली आत्याचं नाव राहिलं म्हणून निरोप येतो. पाठवणाऱ्याचा त्यात दोष नाही. दिवसभर नोकरी करून, सगळं घर एकत्र बसल्यावर त्याला ती पत्रिका वाचायला वेळ मिळालेला असतो. त्याचा मोकळा वेळ आणि माझा मोकळा वेळ एकच आहे, आणि त्याला सेवा द्यायची तर मला माझा द्यावा लागतो. मी ‘उद्या सकाळी बघते’ असं लिहू शकते. पण गल्लीच्या टोकाचा छापखाना ‘आत्ता करून पाठवतो’ असं लिहीत असेल, तर माझं उत्तर किती दिवस टिकेल? तोही बिचारा माझ्याच भीतीने जागा असतो.

सुट्टी एकट्याने घेता येत नाही, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या लोकांना आपल्यापेक्षा चांगली कळली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आपण हा कामगारांचा विजय म्हणून शिकतो, आणि तो आहेच. पण ती मान्य कोणी केली, हेही पाहण्यासारखं आहे: कोणा एका दयाळू मालकाने नाही, तर गिरणी मालकांच्या संघटनेने. एकट्या मालकाला मनात असूनही ते जमलं नसतं. त्याची गिरणी रविवारी थांबली आणि शेजारची चालू राहिली असती, तर त्याचं सूत महाग पडलं असतं. सगळ्या चिमण्या एकाच दिवशी थंड झाल्या, म्हणून ती सुट्टी टिकली.

दुकानांच्या बाबतीत हेच काम पुढे 1948च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने केलं. दुकान उघडण्याच्या आणि मिटण्याच्या वेळा, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद. काही अत्यावश्यक सेवांना सूट होती, बाकीच्यांना नाही. कायदा नोकरांसाठी होता, पण बंद झालेल्या शटरमागे मालकही घरी जात असे. शॉप इन्स्पेक्टर येईल ही धास्ती तेव्हाच्या दुकानदारांना जाचक वाटायची. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, त्या जाचातच त्यांच्या घरच्यांच्या वाट्याला एक दिवस येत होता.

2017 साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला. त्याने दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना बहुतेक बंधनांतून मोकळं केलं. मोठ्या आस्थापनांतल्या कामगाराची साप्ताहिक सुट्टी शाबूत राहिली, ती राहायलाच हवी होती. पण ती आता प्रत्येकाला वेगळ्या वारी देता येते. मॉलमध्ये याने काही बिघडत नाही, तिथे मॅनेजरलाही पाळी असते. पाच माणसांच्या दुकानात मात्र असं होतं: सोमवारी एक नाही, मंगळवारी दुसरा नाही, बुधवारी तिसरा नाही, आणि प्रत्येकाच्या जागी उभा राहणारा माणूस एकच, मालक. नोकराला सुट्टी देणारा कोणीतरी आहे. मालकाला सुट्टी देणारा पूर्वी बाजार होता, आता कोणी नाही. त्याला मोकळीक मिळाली ती दुकान उघडं ठेवण्याची, आणि सगळ्यांनाच ती मिळाल्यामुळे उघडं ठेवणं भाग पडलं.

पुण्याच्या दुपारी एक ते चारच्या बंदबद्दल इथे बोललं पाहिजे. त्यावर इतके विनोद झाले आहेत की, त्याचा नीट विचार करायचं राहूनच गेलं. सकाळी आठला उघडलेलं दुकान रात्री नऊला मिटायचं, म्हणजे तेरा तास. पेठांमध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी रचना. दुपारी एकला रस्त्यावर ऊन आणि गिऱ्हाईक तुरळक. अशा वेळी वर जाऊन घरच्यांबरोबर गरम जेवणं, तासभर पडणं आणि चारला पुन्हा ताजं होऊन बसणं, यापेक्षा शहाणी व्यवस्था मला तरी सुचत नाही. शाळेतून आलेल्या मुलांना बाप दुपारी घरात दिसत असे. चितळे बंधूंनी 2017 मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बातमी झाली आणि लोकांना आनंद झाला. मलाही सोय होते, नाही म्हणत नाही. तरी त्या बातमीत काहीतरी हरवल्याची नोंद कुठे दिसली नाही.

पण एक ते चारचं गुणगान करताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. ते गरम जेवण कोण करत होतं? दुकानदार वर येऊन आडवा होई, तेव्हा त्याची बायको भांडी आवरत असे, आणि चारला तो खाली जाताना चहा तयार असे. संध्याकाळच्या गर्दीत ती गल्ल्यावरही बसे. लाडवांचं सारण, पापडाच्या लाट्या, उदबत्तीची पाकिटं, शिवणाच्या दुकानातली काजं-बटणं, आमच्याकडे पत्रिकांना दोरे ओवणं आणि हळद-कुंकू लावणं: छोट्या धंद्यातलं कितीतरी काम घरातल्या बायकांनी केलं आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही. मजुरी नाही, पाळी नाही, बंदचा वार नाही. सोमवारी दुकान बंद असलं तरी सोमवारी स्वयंपाकघर चालूच. म्हणून ‘काम आणि घर यांचा समतोल’ हे शब्द छोट्या धंद्याच्या घरात जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिथे घर हेच कामाचं ठिकाण आहे आणि घरची माणसं हीच बिनपगारी माणसं. पुरुषाच्या विश्रांतीचा विचार करताना ती विश्रांती कोणाच्या श्रमावर उभी आहे, हे पाहिलं नाही, तर सगळी चर्चा अर्धी राहते. हातभार लावणाऱ्या बायकोच्या नावावर पगार लिहावा, तो खरोखर तिच्या खात्यात जावा, आणि दुकान बंद त्या दिवशी चूलही बंद असावी. इतकं केलं तरी पुष्कळ घरांचं चित्र पालटेल.

वेळ जातो कुठे, याचाही हिशेब मांडायला हवा. मशीनवर काम करून थकणं वेगळं. त्या थकव्यात समाधान असतं. शाईचा वास आणि सरळ रेषेत बसलेले चारही रंग पाहून आजही मन प्रसन्न होतं, आणि ते काम कमी व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. संध्याकाळ खाऊन टाकतात ती दुसरीच कामं. जीएसटीचं दरमहा विवरण भरणाऱ्यांच्या डोक्यात 11 तारीख आणि 20 तारीख कायमची रुतलेली असते. त्याहून जास्त वेळ जातो आपलेच पैसे मागण्यात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं 45 दिवसांच्या आत द्यावं, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असं 2006च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. एप्रिल 2024 पासून आयकरातही त्याचा चाप बसला: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. हे सगळं चांगलं आहे. पण छोट्या छापखान्याने मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली, तर पुढचं काम मिळणार नाही, हे दोघांनाही माहीत असतं. म्हणून आम्ही तक्रार करत नाही, फोन करतो. जेवण झाल्यावर, मुलांचा अभ्यास चालू असताना, दिलगिरीच्या सुरात फोन. वेळेवर पैसे आले तर कितीतरी घरांतल्या संध्याकाळी मोकळ्या होतील. काम आणि घर यांच्या मेळाबद्दल बोलताना उधारीचं नावही कोणी काढत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

बंद ठेवणं म्हणजे आपोआप विश्रांती, असंही नाही. 2020च्या टाळेबंदीत जवळजवळ सगळी शटरं एकदम खाली आली होती. स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्याची भीती नव्हती. तरी त्या महिन्यांत कोणाला शांत झोप लागली नाही, कारण भाडं, हप्ते आणि माणसांचे पगार चालूच होते. रोजच्या गल्ल्यावर रोजची चूल पेटवणाऱ्या वडापाववाल्याला किंवा फुलं विकणाऱ्या बाईला ‘रविवारी बंद ठेवा’ असं सांगण्याचा अधिकार मला नाही. तिच्यासाठी आधी रविवारचे पैसे उभे राहिले पाहिजेत. घरपोच सामान पोचवणारी ॲप कधी बंद होत नाहीत, हाही आक्षेप खरा आहे. पण पत्रिका, शिवणकाम, दागिने, भांडी, पुस्तकं, चष्मे यांतलं काहीही रविवारी रात्री तातडीने लागत नाही. जिथे तातडी नाही, तिथे तरी सुरुवात करता येईल.

जिथे तातडी आहे, तिथली वाटही आपल्याकडे आधीपासून आहे. कितीतरी लहान गावांत औषधांची दुकानं रविवारी पाळीपाळीने उघडी असतात. आज कोणाचं उघडं आहे, ते गावाला माहीत असतं, रुग्णाची अडचण होत नाही आणि बाकीच्यांना दिवस मिळतो. जर्मनीत रविवार राज्यघटनेनेच विश्रांतीसाठी राखला आहे. बेकऱ्या आणि स्टेशनवरची दुकानं सोडली, तर जवळजवळ सगळं बंद असतं, आणि औषधाचं दुकान तिथेही पाळीने उघडं. आपल्याकडून तिकडे गेलेली मुलं पहिले काही आठवडे कुरकुरतात, मग शनिवारी सामान भरून ठेवायला शिकतात. गिऱ्हाईक शिकतं. दुकान बंद आहे हे आधीपासून माहीत असेल, तर कोणाचं काही अडत नाही.

आणि सुट्टी सगळ्यांची एकाच दिवशी हवी, यालाही माझ्या दृष्टीने मोल आहे. मंगळवारी मिळालेली सुट्टी काय कामाची, जेव्हा मुलं शाळेत, नवरा मशीनवर आणि बहीण तिच्या नोकरीवर? दोन-तीन माणसांना एकाच वेळी मोकळा वेळ मिळाला, तर त्यातून घर होतं, नाहीतर नुसती झोप होते. झोपेचीही गरज आहे, पण आजारी माणसाला भेटणं, बारशाला जाणं, आईबापांजवळ बिनकामाचं बसणं, ही सगळी कामं एकाच वेळी मोकळ्या असलेल्या माणसांची आहेत.

2017च्या कायद्याने रोज उघडं ठेवायला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. एखाद्या रस्त्याच्या, एखाद्या पेठेच्या किंवा एखाद्या धंद्याच्या लोकांनी एकत्र बसून एक वार ठरवायला त्या कायद्याची काही आडकाठी नाही. म्हणून व्यापारी संघांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, येत्या सर्वसाधारण सभेत बंदचा वार हा विषय घ्या, आणि त्या सभेला गल्ल्यावर बसणाऱ्या बायकांनाही बोलवा. गिऱ्हाइकांना विनंती दोनच: त्या दिवशी फोन करू नका, आणि बिल आलं की पैसे द्या.