हंगाम चार, हिशेब बारमाही

उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत धाडसाचं कौतुक हमखास ऐकू येतं. नोकरीचा मोह सोडा, जोखीम पत्करा, उडी घ्या, असा सल्ला तरुणांना सढळ हाताने दिला जातो. पंढरपूरच्या पेठेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या टिकल्या, त्यांच्या वागण्यात मात्र धाडसापेक्षा दोन सवयी ठळक दिसतात. किती नुकसान झेपेल याचा हिशेब ते माल भरण्याआधी मांडतात. आणि आज पायरीशी उभं असलेलं गिऱ्हाईक पुढच्या वारीला पुन्हा येणार आहे, हे धरूनच ते वागतात. उद्योजकाची वृत्ती या दोन सवयींवरच उभी राहते, असं माझं ठाम मत आहे.

पंढरपूरचा प्रासादिक वस्तूंचा धंदा चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर चालतो. त्यातही खरा भार आषाढी-कार्तिकीवर. कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीमाळा, टाळ, चुरमुरे, बत्तासे, पेढे यांची मोठी विक्री थोड्या दिवसांत उरकते. दुकानभाडं, वीजबिल, पगार आणि व्याज मात्र बारा महिने चालू असतं. म्हणून आषाढीचा गल्ला हा निव्वळ नफा नसतो. त्यात पुढच्या कित्येक महिन्यांची खर्ची असते. भरलेला गल्ला पाहून जो हात सैल सोडतो, त्याला दिवाळीच्या सुमाराला उसनवारी करावी लागते.

इथे पंचांगही व्यापाऱ्याचं साधन असतं. 2023 साली अधिक श्रावण आला. आषाढी एकादशी 29 जूनला झाली आणि कार्तिकी थेट 23 नोव्हेंबरला. चार महिन्यांची खर्ची बाजूला ठेवणाऱ्याला जवळजवळ पाच महिने काढायचे होते. अधिक मास काही अचानक येत नाही, तो वर्षानुवर्षं आधी ठाऊक असतो. दुकानदारीतली निम्मी संकटं अशीच आधी ठाऊक असलेली, पण वहीत न मांडलेली असतात.

तुळशीच्या माळेकडे जरा जवळून पाहू. पंढरपुरात हे काम प्रामुख्याने काशीकापडी समाजातली कुटुंबं करतात. जून तुळशीची खोडं वाळवायची, तुकडे करायचे, घासून मणी घडवायचा, भोक पाडायचं आणि ओवायचं. मणी तडकला तर तोपर्यंतची सगळी मेहनत वाया. हे काम घराघरांत वर्षभर चालतं आणि विकलं जातं ते मुख्यतः वारीत. म्हणजे गिऱ्हाईक दिसत नसतानाच्या महिन्यांतली मजुरी हेच या कारागिराचं भांडवल. समोर मागणी नसताना रोज ठरलेलं काम उरकणं आणि तरीही गरजेपेक्षा जास्त माल घडवून पैसा अडकवून न ठेवणं, ही शिस्त कुठल्याही शिबिरात शिकवता येत नाही.

दुसरी सवय सचोटीची. हळदीवर चुन्यासारख्या पदार्थाची क्रिया होऊन ती लाल होते. अस्सल कुंकू असं हळदीपासून बनतं. नुसता रंग मिसळलेली पूड त्याहून स्वस्त पडते आणि गर्दीत ती खपवता येते. गिऱ्हाईक लांबच्या गावचं, उद्या निघून जाणार, मग कोण विचारतो, असा मोह इथे पावलोपावली आहे. पण वारकरी एकटादुकटा येत नाही, दिंडीबरोबर येतो. घरी परतल्यावर त्याच्या पिशवीतलं कुंकू शेजारीपाजारी वाटलं जातं. त्या कुंकवाने एका कपाळाला खाज सुटली की दुकानाचं नाव गावभर होतं. माल चांगला निघाला, तर तीच दिंडी पुढच्या वर्षी वाट वाकडी करून त्याच दुकानात येते.

विश्वास कसा कमवावा, याचा धडा पंढरपुरी म्हशीच्या गवळ्यांनी फार पूर्वी घालून दिला आहे. तलवारीसारख्या लांब शिंगांची ही म्हैस घेऊन गवळी गिऱ्हाइकाच्या दारी जात आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. कोल्हापुरात गंगावेशीला असं धारोष्ण दूध प्यायला लोक आवर्जून येतात. दुधात पाणी नाही हे तोंडाने सांगावंच लागत नाही. आपला माल कसा तयार होतो ते गिऱ्हाइकाला पाहू देणं, याहून मोठी जाहिरात नाही.

या सवयींची खरी परीक्षा करोनाकाळात झाली. 2020 ची चैत्री टाळेबंदीत गेली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने आल्या. पुढे कार्तिकी, 2021 ची माघी, चैत्री आणि पुन्हा आषाढी अशा सलग सहा वाऱ्या गर्दीविना पार पडल्या. मध्ये ऑक्टोबर 2020 मध्ये भीमेला पूर आला तो वेगळाच. टाळ आणि माळा पडून राहिल्या तरी टिकतात, पेढे आणि चुरमुरे टिकत नाहीत. ज्याचा माल टिकाऊ आणि कर्ज कमी, त्याला शटर ओढूनही दम धरता आला. व्याजाच्या पैशावर दुकान भरलेल्याचं व्याज मात्र बंद दुकानातही चढत राहिलं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांची विचारपद्धती अभ्यासली आणि 2001 मध्ये त्यावर गाजलेला निबंध लिहिला. असे उद्योजक किती मिळेल यापेक्षा किती गमावणं परवडेल हे आधी पाहतात, आणि हाताशी असलेल्या साधनांपासून सुरुवात करतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या जुन्या पेठांना हे नवं वाटणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे: इतकं जपून चालणारा मोठा कधी होणार? पंढरपुरातही शेजारशेजारच्या दुकानांत तोच माल आणि भावात तीच ओढाताण दिसते. नुसतं टिकून राहणं म्हणजे उद्योजकता नव्हे, हे मान्यच करायला हवं. पण झेपेल तेवढीच जोखीम घेणाराही मोठी मजल मारतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या धंद्यापासून सुरुवात केली, मग कडबा कापण्याचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी नांगर घेईनात, तरी ते मागे हटले नाहीत. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या पायऱ्या चढून. धाडस तिथे होतंच, पण त्याला आधीच्या धंद्याचा आधार होता.

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. माळ घडवणारा कारागीर गरीब राहतो तो त्याची वृत्ती कोती म्हणून नव्हे. त्याला स्वस्त कर्ज मिळत नाही आणि भाव ठरवणं त्याच्या हातात नसतं. अशा माणसाला मनोवृत्ती बदलण्याचे उपदेश करणं अन्यायाचं आहे. त्याला हवं आहे ते वाजवी व्याजाचं भांडवल आणि थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याची वाट. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या सोलापूर जिल्ह्याला हे अवघड नाही.

धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांना म्हणूनच एवढंच सांगावंसं वाटतं. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी कागदावर तीन उत्तरं लिहा: एकही गिऱ्हाईक आलं नाही तर घर किती महिने चालेल, किती रक्कम बुडाली तरी पुन्हा उभं राहता येईल, आणि आजचं गिऱ्हाईक वर्षभराने परत का येईल. तिन्ही उत्तरं प्रामाणिकपणे लिहिता आली, तर बेलाशक दुकान उघडा. नाही आली, तर आधी ती शोधा. दुकान नंतरही उघडता येतं.