जुनेर कोणाचे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी आत्म्याला कपडे बदलायला लावले आहेत. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा आत्मा जुनी शरीरे टाकून नवी घेतो, असा तो दृष्टान्त. आत्म्याच्या पुढच्या प्रवासाची चर्चा कित्येक शतके चालू आहे. भाष्ये झाली, भाष्यांवर टीका झाल्या. पण टाकलेल्या वस्त्रांचं पुढे काय झालं, याची चौकशी एकाही आचार्याने केलेली माझ्या वाचनात नाही. अर्जुनाला छप्पन्न शंका आल्या, ही आली नाही. रथाशेजारी एखादी मराठी गृहिणी उभी असती तर तिने तिथेच सारथ्याला थांबवलं असतं. "टाकली म्हणजे कुठे टाकली? चांगली धड होती की विरलेली? आणि आधी बोहारणीला दाखवली होती का?"

माझ्या घरात नेमकी अशी गृहिणी आहे. आत्म्याचं खातं तिने माझ्याकडे सोपवलं असून वस्त्रांचं स्वतःकडे ठेवलं आहे.

आमचं गाव अकोले. (अकोला नव्हे. हे कंसात सांगण्यात आमच्या तालुक्याची निम्मी आयुष्यं गेली.) गाव प्रवरेकाठी, अगस्ती ऋषींच्या आश्रमाचं. अगस्तींनी समुद्र पिऊन टाकला आणि वातापी राक्षस सबंध पचवला. तेव्हा काहीही वाया न घालवण्याचा गुण इथल्या पाण्यातच असावा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपल्याबद्दल. ही बातमी वाचून सौ.ने मान वर न करता विचारलं, "जुने कपडे जपण्याबद्दल काही देतात का हो?" मी म्हणालो, "देतात. घरात बसायला जागा देत नाहीत."

1979 साली आमच्या लग्नात मला सासरहून सफारी मिळाला आणि तिच्याबरोबर पायाचं उषा मशीन आलं. सफारी चार वर्षांत पोटाला अपुरा पडू लागला. मशीन अजून चालतं. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झाली, चामडी पट्टा चारदा बदलला, पण दुपारी दीडच्या सुमाराला ते खडखडायला लागलं की गल्लीतल्या बायका घड्याळं लावतात. कच्चा माल तीन ठिकाणांहून येतो. पुण्याच्या तिच्या वन्सं, म्हणजे माझी बहीण, दिवाळीआधी दोन पिशव्या धाडते. धाकट्या जावेकडून नातवंडांचे आखूड झालेले कपडे येतात. तिसरं ठिकाण म्हणजे माझं कपाट. तिथे मालकाची संमती घेण्याची प्रथा नाही. माझा शर्ट माझ्या देखत उशीचा अभ्रा झालेला मी पाहिला आहे. त्यावर डोकं ठेवून झोपताना आपण स्वतःच्याच छातीवर डोकं ठेवून झोपलो आहोत, असं वाटतं. फारच एकाकी अनुभव असतो तो.

वाचकहो, उलटवलेली कॉलर तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे, मला कल्पना नाही. पूर्वी प्रत्येक शिंपी हे काम करून देई. मानेशी घासून कॉलर विरली की ती उसवायची, पालटायची, विरलेली बाजू आत घालून पुन्हा टीप मारायची. शर्टाला आणखी दोन वर्षांची मुदत मिळे. राजकारणात माणसं हेच करतात, पण तिथे टीप दिसते. कोपर फाटलं की पूर्ण बाही अर्धी होते आणि उरलेल्या तुकड्याचा खिसा होतो. साडीचं तर विचारूच नका. पदर विरला की परकर, परकरातून झबलं, झबल्यानंतर दुपटं, मग गोधडीचा थर, शेवटी पोतेरं.

पोतेऱ्याला हसू नका. विनयपिटकात एक गोष्ट आहे. कौशाम्बीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद भिक्षूला पाचशे वस्त्रं दान केली. राजा रागावला. भिक्षूला पाचशे वस्त्रं कशाला, याने काय दुकान मांडायचं ठरवलंय, असा त्याचा सवाल. (कुठलाही नवरा हेच विचारील.) आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. त्यानंतर बैठका, पायपुसणी, धूळ झटकायची फडकी. आणि फडकी झिजली की ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपायची. राजाचं इतकं समाधान झालं की त्याने स्वतः आणखी पाचशे वस्त्रं दिली. माझ्या मते आनंदाला हा हिशेब त्याच्या आईने शिकवला असणार.

आता प्रश्न. या फेऱ्यात शर्ट माझा राहतो कधीपर्यंत?

हा प्रश्न जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियस नावाच्या वीराचं जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. असं होता होता तत्त्वज्ञ दोन पक्षांत वाटले गेले, असं प्लूटार्क सांगतो. एक म्हणे तेच जहाज, दुसरा म्हणे छे. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला असंच कोंडीत पकडलं होतं. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? सगळ्याला "नाही" म्हणता म्हणता रथ गेला, नुसतं नाव उरलं. या दोन्ही गोष्टी सांगून मी सौ.ला विचारलं, "कॉलर उलटली, बाह्या गेल्या, पाठीचा खिसा झाला. मग माझा शर्ट कुठे आहे?"

"तुमच्या अंगात आहे. काढा, धुवायचाय."

पण या प्रश्नाला पुस्तकाबाहेर काढलं ते आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलाने. पोरगा अकरावीत. माझा निळ्या चौकटींचा एक शर्ट त्याच्या मापाला येईल म्हणून आम्ही मावशींकडे दिला. कपडा उत्तम होता. महिना झाला, दोन झाले, अंगावर काही दिसेना. शेवटी मावशींनी संकोचत सांगितलं, "काय सांगू बाई, तो म्हणतो, ह्यो घातला की पोरं मागून 'नमस्कार सर' म्हणत्यात."

खरं होतं. लहान गावात माणसाला नाव असतं तसं शर्टालाही असतं. पुण्यात चौकटी फक्त चौकटी असतात. अकोल्यात त्या 'सरांच्या चौकटी' असतात. तो शर्ट मी सात-आठ वर्षं वर्गात घालून गणित शिकवलं होतं. अर्ध्या गावाला तो पाहूनच घाम फुटत असणार.

मी म्हणालो, "अन्नाला आणि वस्त्राला नावं ठेवू नयेत. आम्ही नाही का थोरल्या भावाच्या चड्ड्या घातल्या?"

"भावाच्या घातल्यात," सौ. म्हणाली. "मालकाच्या घातल्यात का कधी?"

यावर मी त्या दिवशी नाही तरी पुढे बरेच दिवस विचार करत होतो. भावाची चड्डी मिळाली म्हणून कोणी भावाचे आभार मानत नाही. उलट "नीट का वापरली नाहीस" म्हणून त्याच्याशी भांडता येतं. भावाचंही कोणाकडून तरी आलेलं असतं, आपलंही कोणाकडे तरी जाणार असतं. कपडा घराण्याचा. आपण मधले भाडेकरू. मालकाच्या शर्टाच्या आत मात्र धुतले तरी न निघणारे आभार असतात. कॉलरपाशी टोचतात.

सौ.ने शर्ट परत मागवला. दोन दिवस मशीन चाललं. कॉलर काढून बंद गळा केला, कडेने आत घेतला, दोन झाकणवाले खिसे लावले, पांढऱ्या गुंड्या जाऊन काळ्या आल्या, आणि पुण्याच्या पिशवीतल्या गडद पँटची पट्टी खांद्यावर बसली. मी तो दोरीवर वाळताना पाहिला आणि कोणाचा म्हणून विचारलं, इतका तो बदलला होता. तिसऱ्या दिवशी पोरगा तो घालून कॉलेजात गेला.

इथवर ठीक होतं. पण मावशींनी विचारलं, "बाई, शिलाई किती?" आणि आमच्या सौ.ने, जिने आयुष्यात गल्लीतल्या कोणाकडून एका टिपेचे पैसे घेतले नाहीत, तिने बाजारात घेतात त्याच्या निम्मे पैसे सांगितले आणि घेतले!

मी हबकलो. शर्ट दान आणि शिलाई रोख? तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "फुकट दिला असता तर तो तुमचाच राहिला असता."

हा खटला मी भाऊसाहेबांपुढे नेला. भाऊसाहेब निवृत्त तलाठी, संध्याकाळी अगस्तीच्या मंदिराकडे आमची बैठक असते. जमिनीच्या मालकीचे तंटे त्यांनी चाळीस वर्षं पाहिले, तेव्हा शर्टाच्या मालकीचा सात-बारा त्यांना अवघड नव्हता. ते म्हणाले, "सर, पैसे घेतले यात गैर नाही. पण ओळखू येऊ नये म्हणून वेष पालटणं, ही फसवणूक आहे. चोरीच्या गाडीला रंग देतात तसं झालं. जे आहे ते आहे. जुनं असेल तर जुनं दिसू द्या."

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. कष्टाच्या माणसाला जुना कपडा घालायची लाज वाटू नये, ही खरी सुधारणा, असं कोणी म्हणेल. पण ती लाज घालवायची जबाबदारी अकरावीतल्या पोराने एकट्याने का उचलायची? आपण उचलावी की! भाऊसाहेबांनी उद्या दुसऱ्याचा कोट घालून तहसील कचेरीत जाऊन दाखवावं.

पश्चिम आफ्रिकेत घाना म्हणून देश आहे. तिथे युरोपातून जुन्या कपड्यांच्या गासड्या येतात. त्यांना तिथल्या भाषेत 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे 'मेलेल्या गोऱ्याचे कपडे'. इतके चांगले कपडे कोणी जिवंतपणी टाकील, यावर तिथल्या लोकांचा विश्वासच बसेना. राजधानी आक्राच्या कांतामांतो बाजारात शिंपी ते उसवून, कापून, रंगवून नव्याने शिवतात. आपल्याकडे पानिपतात परदेशी लोकरीचे कपडे येतात, त्यांच्या गुंड्या-चेनी काढून, पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटं होतात. 1761 नंतर पानिपतावरून मराठी माणसाकडे काही ऊबदार आलं असेल तर तेच. दिल्लीच्या अंशू गुप्तांनी 1999 साली 'गूंज' संस्था काढली. ती खेडोपाडी जुने कपडे देते ते गावाने विहीर खणली, रस्ता केला, त्याचा मोबदला म्हणून. गुप्तांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे आमच्या सौ.चं मत मनिलापर्यंत पोचलेलं आहे. तिला फक्त कळवलेलं नाही. आणि बोहारीण? तिची तर मला नेहमीच आदराने भीती वाटत आली. पँट उजेडासमोर धरून बसायच्या जागी किती विरली ते पाहते, आणि तीन पँटींना एक वाटी देऊन उठते. कोणी कोणाचं उपकृत नाही. उलट दोघींनाही आपण फसलो असं वाटत असतं. देवघेवीत याहून मोठी समता मी पाहिलेली नाही.

राहता राहिलं मशीन. गांधीजी यंत्रांच्या विरोधात, पण 1924 साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला त्यातून सूट दिली. सिंगरने बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहिले आणि प्रेमापोटी यंत्र शोधलं, असं ते म्हणाले. गोष्ट गोड आहे. सिंगर मात्र एकेकाळचा नाटकवाला, एकाच वेळी एकाहून जास्त संसार थाटणारा, विसावर मुलांचा बाप. पेटंट त्याने 1851 साली घेतलं. त्याआधीच, 1846 साली, एलायस हाव नावाच्या माणसाने घेतलं होतं, आणि कोर्टकज्जा होऊन सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. त्याच्याही आधी पॅरिसमध्ये तिमोनिए या शिंप्याची मशीनं 1831 साली दुसऱ्या शिंप्यांनी मोडून टाकली, पोटावर पाय येतो म्हणून. थोडक्यात, सिंगरचं यंत्रसुद्धा जुन्यातून नवं केलेलं, थोडं आत घेतलेलं, गुंड्या बदललेलं होतं! त्यात प्रेम होतं की नाही, याचा शोध मी सोडून दिला आहे. वीसएक मुलांचे कपडे शिवायचे म्हणजे यंत्र लागणारच, एवढं मान्य करतो.

शिवणकामात एक शब्द आहे, 'माया'. टिपेच्या पलीकडे आत जो कपडा राखून ठेवतात, ती माया. अंग वाढलं की उसवून मायेतून सैल करता येतं. पूर्वी आया शिंप्याला बजावत, "माया भरपूर सोडा हं, वाढतं अंग आहे." आता बाजारातून तयार आणलेला कपडा उलटा करून पाहा. सुताएवढी माया नसते. म्हणून तो धाकट्याला जात नाही, सरळ पिशवीत जातो. शंकराचार्य माया सोडा म्हणाले आणि शिंपीही माया सोडा म्हणतो. दोघांचं म्हणणं नेमकं उलट आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

भाऊसाहेब परवा घरी आले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोट. तपकिरी, नोकरीतला. पुतण्याच्या मुलाला मुलाखतीला लागणार होता. सौ.समोर ठेवून, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "वहिनी, जरा बाह्या, खांदे बघा. आणि... माझा म्हणून ओळखू येणार नाही, इतपत."

सौ.ने कोट उलटा केला, अस्तर चाचपलं, आतली माया मोजली.

"होईल," ती म्हणाली. "शिलाई मात्र त्याच्याकडून घेईन, भाऊसाहेब. तुमच्याकडून नाही."