फेस

प्लॅटिनमची तार बीकरात सोडली आणि तिच्याभोवती बुडबुड्यांची झुंबड उडाली. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात इंधन म्हणून सोडियम बोरोहायड्राइड होतं. विजेची जोडणी अजून व्हायचीच होती. शेजारच्या बीकरात सोन्याची तार ढिम्म. पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या त्या मुलीने वहीत सोन्यापुढे लिहिलं : 'मठ्ठ'.

विभव ठरवून देणारा पोटेन्शिओस्टॅट लावल्यावर तिचं मत आणखी पक्कं झालं. प्लॅटिनमवर प्रवाह लवकर सुरू झाला; सोन्यावर विभव बराच चढवावा लागला, तेव्हा कुठे काटा हलला.

बीकर धुवायला आलेले मामा फेस बघत उभे राहिले. "ताई, पोरवयात मी तात्यांबरोबर दुधाचा रतीब घालायचो. माप उंचावरून भरलं की फेसाने काठोकाठ दिसायचं. वाड्यातल्या एक आजी मात्र फेस बसेपर्यंत आम्हाला दारातच उभं करायच्या."

ती हसली. रात्री मात्र आजी तिच्या डोक्यातून जाईनात.

बोरोहायड्राइडचा एक आयन पुरता जळला तर 8 इलेक्ट्रॉन देतो. हायड्रोजनचा रेणू देतो 2. या इंधनाचं सगळं अप्रूप त्या आठांत. तिने मोजून थोडंसं इंधन घेतलं, संपेपर्यंत प्रवाह चालू ठेवला आणि मिळालेल्या विद्युतभाराला इंधनाच्या मोलमागे 96,485 कूलोमने भागलं. सोन्याचा आकडा आठाच्या जवळ गेला. प्लॅटिनमचा पाचाच्याही खाली राहिला.

उरलेलं गेलं कुठे? बुडबुड्यांत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर बोरोहायड्राइड पाण्याशीच गाठ घालतं आणि एका आयनामागे हायड्रोजनचे 4 रेणू सुटतात. त्यातले काही तिथल्या तिथे जळून इलेक्ट्रॉन देतात, बाकीचे खिडकीबाहेर. तारेला जोडणीची वाटच बघायची नव्हती.

सोन्याचीही आरती ओवाळायला नको. त्याच्या संथपणाची किंमत व्होल्टमध्ये मोजावी लागते, आणि सराफाकडची वेगळी.

सकाळी तिने 'मठ्ठ' खोडलं, पण त्या जागी काय लिहावं ते सुचेना. निकेलची तार आणायला ती कपाटाकडे गेली. स्वस्त धातू, पण बुडबुडे तोही काढतो. परतली तेव्हा मामांनी न सांगता बीकरात पाण्याने भरलेला मेजरिंग सिलिंडर उलटा धरून ठेवला होता.

"सोडा तार," ते म्हणाले. "फेस मी मोजतो."