गच्ची नसलेल्यांचा सूर्य

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली आणि छपरावर तीन किलोवॅटचे पॅनेल बसवणाऱ्या घराला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागले. योजना चांगली आहे. ज्याला शक्य आहे त्याने जरूर पॅनेल बसवावेत. पण तीन किलोवॅटला सुमारे तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. ती कोणाकडे आहे?

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याकडे नाही. भाडेकरूकडे नाही. सात मजली सोसायटीची गच्ची पाहा: पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या. उरलेल्या जागेत लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालतील एवढी वीज होते, घरोघरची बिले काही त्यात भागत नाहीत. त्यातही स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तर सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,०००. हा पैसा मात्र सगळ्यांच्या करातला. साबणाची वडी घेणारी घरकामाची बाईही तो भरते. ज्याच्याकडे छप्पर आहे त्यालाच अधिक द्यायचे, हा न्याय मला मान्य नाही.

यावर उपाय आहे. पडीक जमिनीवर एक सामाईक सौर प्रकल्प उभारावा, त्यात प्रत्येकाचा हिस्सा असावा आणि तयार झालेली युनिटे हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या बिलातून वजा व्हावीत. एकाच प्रकल्पातली वीज अनेकांच्या बिलांत वळती करण्याचे नियम दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच केले. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. शेताला पाणी देऊन उरलेली वीज त्यांनी वीज कंपनीला विकली. मोठ्या प्रकल्पात किलोवॅटमागे खर्चही कमी येतो.

धोका आहेच. प्रवरानगरचा साखर कारखाना उभारणाऱ्या महाराष्ट्राने सहकारातली घराणेशाही आणि थकबाकीही पाहिली आहे. आपल्या छपरावरच्या पॅनेलवर कोणी चेअरमन बसत नाही, हे त्याचे खरे बळ. म्हणून सामाईक प्रकल्पात एका सभासदाला एकच मत हवे आणि युनिटांचा हिशेब दरमहा बिलावर छापून यायला हवा.

ज्यांच्या छपरावर पॅनेल लागले आहेत त्यांना माझी विनंती आहे. छपराला मिळते तेवढेच अनुदान सामाईक प्रकल्पातल्या हिश्श्यालाही मिळावे, ही मागणी आधी तुम्ही करा. चाळकऱ्याने केली तर ती याचना समजली जाईल. तुम्ही केलीत तर सरकारला ती ऐकावी लागेल.